पॅच केला, तरी स्कॅनर तीच त्रुटी का दाखवतो?

प्रश्न असा आला आहे: “आमच्या पतसंस्थेत नऊ लिनक्स सर्व्हर आहेत. सहा उबुंटू २२.०४, दोन रॉकी लिनक्स ८ आणि एक जुना उबुंटू २०.०४. ऑडिटरच्या स्कॅनमध्ये जीलिबसीची सीव्हीई-२०२३-४९११ ही त्रुटी ‘हाय’ म्हणून आली. सगळीकडे अपडेट चालवलं, तरी दुसऱ्या स्कॅनमध्ये तीन ठिकाणी ती अजून दिसते. पॅच झाला की नाही? रीबूट करायलाच हवं का? व्यवहारांचा सर्व्हर दिवसा बंद करता येत नाही. आणि या मशीनवर बाहेरचं कुणी लॉगिनच करत नसेल तर एवढी घाई कशाला?”

तुम्ही तीन गोष्टी विचारल्यात, पण तिन्हींच्या मुळाशी एकच आहे: सदोष कोडची जुनी प्रत तुमच्याकडे नेमकी कुठे कुठे उरली आहे? सातबाऱ्यावर फेरफार झाला म्हणून लोकांच्या खिशातल्या जुन्या उताऱ्यांच्या झेरॉक्स आपोआप बदलत नाहीत. लायब्ररीचंही तसंच आहे. डिस्कवरची मूळ फाइल बदलते, पण आधीपासून चालू असलेल्या प्रोग्रॅमांनी मेमरीत घेतलेली प्रत तीच राहते आणि कंटेनरच्या (आपल्या लायब्रऱ्या सोबत बांधून चालणाऱ्या ॲप्लिकेशनच्या डब्याच्या) इमेजमधली तिसरीच असते. यातली कोणती प्रत धोक्याची, हे मात्र त्या-त्या त्रुटीवर ठरतं. म्हणून ही त्रुटी काय होती हे आधी सांगतो, मग रीबूटकडे येतो. (सीव्हीई म्हणजे जाहीर झालेल्या सुरक्षा-त्रुटीचा नोंद-क्रमांक.)

जीलिबसी ही लिनक्सवरच्या जवळपास प्रत्येक प्रोग्रॅमच्या पोटातली सी लायब्ररी. तिच्यासोबत येतो डायनॅमिक लोडर. एखादा प्रोग्रॅम सुरू होताना कर्नल आधी या लोडरला उभं करतो, लोडर लागणाऱ्या लायब्रऱ्या शोधून मेमरीत आणतो आणि मग ताबा प्रोग्रॅमकडे जातो. एसयू, सुडो, पासवर्ड बदलण्याची कमांड हे सेटयूआयडी प्रोग्रॅम. चालवणारा कुणीही असो, ते रूटच्या, म्हणजे मशीनवर सर्वाधिकार असलेल्या खात्याच्या, अधिकाराने चालतात, म्हणजे त्या क्षणी लोडरही रूटच असतो. त्याला मिळणारे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल (प्रोग्रॅम सुरू होताना सोबत दिलेली सेटिंग) मात्र साध्या युजरने भरलेले असतात.

जीलिबसीचं वागणं बारीकसारीक बदलण्यासाठी असंच एक व्हेरिएबल आहे, ट्युनेबल्सचं. त्यात ‘नाव = किंमत’ अशी जोडी अपेक्षित असते. कुणी मुद्दाम ‘नाव = नाव = किंमत’ असं लिहिलं, की ते वाचणारं फंक्शन शेपटाकडचा मजकूर पुन्हा एकदा कॉपी करायचं आणि राखून ठेवलेल्या जागेच्या पलीकडे लिहीत सुटायचं. पलीकडे कोणती लायब्ररी कुठल्या फोल्डरमधून घ्यायची याच्या लोडरच्या स्वतःच्या नोंदी गाठता येत होत्या. ती नोंद फिरवली की लोडर हल्लेखोराच्या फोल्डरमधली लायब्ररी रूट म्हणून चढवणार. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या. क्वालिस या सुरक्षा कंपनीच्या संशोधकांनी ३ ऑक्टोबर २०२३ रोजी हे जाहीर केलं, नाव दिलं ‘लूनी ट्युनेबल्स’. तीव्रतेचे गुण १० पैकी ७.८.

आता रीबूट. हा दोष चालतो तो फक्त प्रोग्रॅम सुरू होण्याच्या क्षणी, लोडरमध्ये. तुमचा डेटाबेस सहा महिने अखंड चालू असला आणि त्याच्या मेमरीत जुनी जीलिबसी असली तरी या दोषापुरता तो निरुपद्रवी, कारण त्याचा लोडर आपलं काम उरकून कधीच मोकळा झाला आहे. हल्लेखोराला नवा सेटयूआयडी प्रोग्रॅम सुरू करावा लागतो, आणि तो सुरू होताना कर्नल डिस्कवरचा लोडर उघडतो. तो बदललेला असेल तर दार बंद. थोडक्यात, पॅकेज नीट बसल्या क्षणापासून ही एक त्रुटी त्या मशीनच्या मूळ सिस्टिमवर संपते, रीबूट झालं नसलं तरी. व्यवहारांचा सर्व्हर आज दुपारी पॅच करा, रीबूट रविवारी करा. माझी हरकत नाही.

पण हा नियम सगळ्या जीलिबसी त्रुटींना लावू नका. जानेवारी २०१५ मधली ‘घोस्ट’ आठवा. ती होस्टचं नाव शोधणाऱ्या फंक्शनमध्ये होती आणि एक्झिमसारखा मेल सर्व्हर चालू असतानाच तिचा फायदा घेता येत होता. तिथे डिस्कवरची फाइल बदलून काहीच साधत नव्हतं. मेमरीत जुनी प्रत घेऊन बसलेला प्रत्येक डीमन (मागे सतत चालू असलेला प्रोग्रॅम) पुन्हा सुरू करणं हाच खरा पॅच होता, आणि इतके डीमन असतात की त्यापेक्षा रीबूट सोपं. त्या आठवड्यात अनेकांनी नुसतं अपडेट करून ‘झालं’ असा मेल टाकला होता. मीही एका क्लायंटला टाकला होता, मग दुसऱ्या दिवशी सकाळी मान खाली घालून दुरुस्तीचा मेल.

म्हणून रविवारचं रीबूट टाळू मात्र नका. एका अपडेटमधून जीलिबसीच्या बाकीच्या दुरुस्त्याही येतात आणि त्यातल्या काही घोस्टच्या जातीच्या असू शकतात. कोणत्या प्रक्रिया जुनी प्रत धरून आहेत हे पाहायला रॉकीवर ‘नीड्स-रिस्टार्टिंग’ आहे. उबुंटूवर ‘नीडरिस्टार्ट’ बहुधा आधीपासूनच असेल. (या नीडरिस्टार्टमध्येच २०१४ पासून दडलेले, साध्या युजरला रूट करणारे दोष नोव्हेंबर २०२४ मध्ये जाहीर झाले. तेव्हा तेही अपडेट झालंय ना, बघा. राखणदारावरही राखण.)

आता दुसऱ्या स्कॅनमधल्या त्या तीन नोंदी. मला तुमचा रिपोर्ट दिसत नाही, म्हणून निश्चित सांगू शकत नाही, पण माझ्या अनुभवात उत्तर बहुतेक वेळा पुढच्यांपैकी एक असतं.

सगळ्यात जास्त वेळा दिसतो तो आवृत्तीच्या आकड्याचा गोंधळ, आणि तो दोन्ही बाजूंनी होतो. मूळ प्रकल्पात दोष आला एप्रिल २०२१ मध्ये, म्हणजे जीलिबसी २.३४ पासून. गंमत बघा: सेटयूआयडी प्रोग्रॅमांसाठी हीच ट्युनेबल्स नीट पुसली जावीत म्हणून केलेल्या दुरुस्तीतूनच तो आला. रेड हॅटने (तुमची रॉकी त्यांच्याच लिनक्सवर बेतलेली) ती दुरुस्ती मागे नेऊन आपल्या आवृत्ती ८ मधल्या २.२८ मध्ये बसवली, डेबियनने ११ मधल्या २.३१ मध्ये, आणि दुरुस्तीबरोबर दोषही गेला. उबुंटू २०.०४ मध्येही २.३१ च आहे, पण तिथे हा दोष नाही. म्हणजे आकडा तोच, एकीकडे दोष आहे आणि दुसरीकडे नाही. ‘आमची रॉकी २.२८ वर आहे, २.३४ च्या खाली, म्हणून सुरक्षित’ असं कुणी म्हणालं तर ते चूक. आणि अपडेटनंतरही उबुंटू २२.०४ स्वतःला २.३५ च म्हणवतं म्हणून ‘पॅच झालाच नाही’ म्हणणंही चूक.

बघायचा असतो पॅकेजचा पूर्ण क्रमांक, अगदी शेपटापर्यंत. उबुंटू २२.०४ वर २.३५-०उबुंटू३.४ किंवा त्यापुढचा. रेड हॅट ८ च्या कुळात २.२८-२२५.ईएल८_८.६ किंवा पुढचा. डेबियन १२ कुणाकडे असेल तर २.३६-९+डेब१२यू३. आकड्यांवर विश्वास बसत नसेल तर पॅकेजच्या चेंजलॉगमध्ये, म्हणजे बदलांच्या नोंदीत, सीव्हीईचा क्रमांक शोधा. आरपीएमला चेंजलॉग विचारता येतो, उबुंटूवर एपीटीला. तिथे ४९११ सापडलं की त्याचा स्क्रीनशॉट ऑडिटरला पुरतो. नेटवर एसयू क्रॅश होतो का हे बघायची एक ओळ फिरते, ती चालत्या सर्व्हरवर मी वापरत नाही. क्रॅश झाला तर दोष आहे एवढं कळतं. झाला नाही तर मात्र आपण ओळ बरोबर टाइप केली का, इथपासून शंका राहते.

दुसरी शक्यता, विशेषतः तुमच्या दोन रॉकींबाबत: रिपॉझिटरी (पॅकेजं जिथून येतात तो साठा) गोठलेली असणे. एखाद्या सॉफ्टवेअर व्हेंडरने ‘आमचं ८.६ वरच सर्टिफाइड आहे’ म्हणून रिपॉझिटरीचा पत्ता जुन्या संग्रहाकडे, व्हॉल्टकडे, वळवून ठेवलेला असतो. तिथे नवे पॅच येत नाहीत. अपडेट चालवलं की मशीन निरागसपणे सांगतं, करण्यासारखं काही नाही. तुम्ही समजता सगळं ताजं आहे. उबुंटूवर याचंच भावंड म्हणजे कुणीतरी कधीतरी पॅकेजवर लावून विसरलेला ‘होल्ड’, म्हणजे ‘हे अपडेट करू नका’ अशी खूण. दोन्ही तपासायला पाच मिनिटं लागतात. व्हेंडर अडला तर त्याला लेखी विचारा की जीलिबसीचा सुरक्षा पॅच नको असं तो सहीनिशी देतो का. माझ्या बाबतीत एकानेही दिलेलं नाही. दोन दिवसांत परवानगी येते.

तिसरी म्हणजे कंटेनर आणि चीरूट (एखाद्या सेवेला कोंडून ठेवायचं, स्वतःच्या लायब्रऱ्या असलेलं फोल्डर). होस्ट (मूळ मशीन) पॅच केला तरी डॉकरच्या प्रत्येक इमेजमध्ये स्वतःची जीलिबसी असते. उबुंटू २२.०४ किंवा डेबियन १२ वर बेतलेली इमेज २०२३ च्या उन्हाळ्यात बांधून तशीच चालवत असाल तर तिच्यात दोष आहे, आणि कंटेनरमध्ये शिरून अपडेट चालवणं हा उपाय नव्हे. पुढच्या वेळी कंटेनर नव्याने उभा राहिला की जुनीच प्रत परत येते. इमेज पुन्हा बांधायची, आणि बांधताना पायाची इमेज ताजी ओढायची. अल्पाइनवर बेतलेल्या इमेज यातून सुटल्या, कारण तिथे जीलिबसी नसून मसल ही वेगळी सी लायब्ररी आहे. स्कॅन रिपोर्टमध्ये फाइलचा पाथ दिला असेल तर तो आधी वाचा. त्यात डॉकरच्या ओव्हरले फोल्डरचा पत्ता दिसला की शोध तिथेच संपतो. बऱ्याचदा ती न वापरलेली, पुसायची राहून गेलेली इमेज असते. एकदा असंच एका ठिकाणी आम्ही तासभर शोधत होतो आणि शेवटी जुनी प्रत सापडली एसएफटीपीच्या चीरूटमध्ये. कुणीतरी पाच-सहा वर्षांपूर्वी हाताने लायब्रऱ्या कॉपी करून तो बनवला होता आणि नोकरी सोडून गेला होता.

आता घाईचा प्रश्न. ‘बाहेरचं कुणी लॉगिन करत नाही’ हे वाक्य मी दर ऑडिटला ऐकतो. लॉगिन माणसंच करतात असं नाही. तुमच्या वेब सर्व्हरची पीएचपी ज्या नावाने चालते तोही एक लोकल युजरच. कुणाला त्या वेबसाइटच्या एखाद्या जुन्या प्लगइनमधून एक कमांड चालवता आली, की तो त्या युजरच्या जागी येऊन बसतो. तिथून त्याला फारसं काही करता येत नाही. ते ‘फारसं काही नाही’ आणि ‘सगळं काही’ यांच्यामधली पायरी म्हणजे ही त्रुटी. आणि हे मी पुस्तकातलं सांगत नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये ॲक्वा सिक्युरिटीच्या संशोधकांनी दाखवलं की किन्सिंग ही टोळी २०१७ मधल्या पीएचपीयुनिटच्या जुन्या भोकातून आत शिरून पुढे लूनी ट्युनेबल्स वापरून पाहत होती. त्याच महिन्यात, २१ तारखेला, अमेरिकेच्या सीसा या सरकारी संस्थेने ही त्रुटी प्रत्यक्ष वापरात असलेल्या त्रुटींच्या यादीत घातली.

तरीही घाई सगळ्या मशीनना सारखी नसते. ज्या लॅब सर्व्हरवर दोनशे विद्यार्थ्यांना शेल आहे तिथे मी त्याच दिवशी, प्रॅक्टिकल चालू असलं तरी पॅच करेन. वेबसाइटचा सर्व्हरही त्याच दिवशी. आतल्या नेटवर्कवरचा, एकच ॲप्लिकेशन चालवणारा आणि दोन ॲडमिनशिवाय कुणाचं खातं नसलेला डेटाबेस सर्व्हर आठवड्याच्या शेवटापर्यंत थांबला तर मला झोप लागते. तुमच्याकडे यातलं काय कुठे आहे ते तुम्हालाच ठरवावं लागेल. पतसंस्थेत पैशाचे व्यवहार आहेत, म्हणून मी थोडा कडकच राहीन.

ज्या मशीनवर लगेच पॅच शक्यच नाही, तिथे काय? रेड हॅटने तेव्हा सिस्टमटॅपची (चालत्या सिस्टिमवर नजर ठेवणाऱ्या साधनाची) एक स्क्रिप्ट दिली होती: हे व्हेरिएबल घेऊन कुणी सेटयूआयडी प्रोग्रॅम सुरू केला की ती तो मारते. चालते, पण तिला कर्नलची डिबग माहिती लागते, आणि रीबूटनंतर ती पुन्हा चढवावी लागते. मला त्यापेक्षा दुसरा उपाय आवडतो, आणि तो पुढच्या त्रुटींनाही कामी येतो. वेब आणि पीएचपीच्या सिस्टमडी युनिटमध्ये (सेवा कशी सुरू करायची ते सांगणाऱ्या फाइलीत) ‘नो न्यू प्रिव्हिलेजेस’ चालू करा. मग त्या सेवेच्या पोटातून सुरू झालेल्या कोणत्याही सेटयूआयडी प्रोग्रॅमला रूटपण मिळतच नाही. डॉकरलाही तसाच पर्याय आहे. यात एक मेख आहे: तुमचं ॲप्लिकेशन पोस्टफिक्स या मेल सर्व्हरमार्फत थेट मेल पाठवत असेल तर ते बंद पडेल, कारण पोस्टफिक्सचा पोस्टड्रॉप सेटजीआयडीवर (सेटयूआयडीसारखंच, पण ग्रुपच्या अधिकारासाठी) अवलंबून असतो. हप्त्याच्या आठवणीचे मेल जाईनासे झाल्यावर शोधत बसण्यापेक्षा आधी टेस्ट मशीनवर करून बघा.

प्रत्यक्ष पॅच करताना जपून. जीलिबसी मोडली की काहीच चालत नाही: एलएस नाही, सीपी नाही, नवा एसएसएच नाही. माझ्या पहिल्या नोकरीत, सेंटओएस ५ च्या काळात, मी शहाणपणा करून लायब्ररीची लिंक हाताने हलवली होती. पुढच्या प्रत्येक कमांडला एकच उत्तर: शेअर्ड लायब्ररी सापडत नाही. लिंक परत जोडायची कमांडसुद्धा त्याच लायब्ररीवर चालणारी! रात्री साडेअकराला पुण्याहून नवी मुंबईतल्या महापेच्या डेटा सेंटरला रेस्क्यू सीडी घेऊन गेलो. नेमक्या याच प्रसंगासाठी एसएलएन नावाची, कोणत्याही लायब्ररीशिवाय चालणारी छोटी कमांड जीलिबसीसोबतच येते हे मला दुसऱ्या दिवशी कळलं. ती समोरच पडून होती.

तेव्हापासून माझी पद्धत ठरलेली आहे. व्हर्च्युअल मशीन असेल तर आधी स्नॅपशॉट. डिस्कवर मोकळी जागा आहे ना, ते बघायचं. टीमक्समध्ये काम करायचं, म्हणजे नेट तुटलं तरी अपडेट मध्येच अर्धवट राहत नाही. दुसऱ्या खिडकीत रूटचं एक शेल उघडं ठेवायचं आणि नवं एसएसएच लॉगिन होतंय याची खात्री होईपर्यंत ते बंद करायचं नाही. पॅकेज फक्त आपल्या डिस्ट्रोच्या रिपॉझिटरीतून. सोर्समधून बांधून सिस्टिमच्या फोल्डरवर टाकणं किंवा दुसऱ्या आवृत्तीचं पॅकेज जबरदस्तीने बसवणं, हे ‘चाललं’ तरी उद्या तुम्हाला महापेला पाठवणार.

एक गोष्ट राहिली, जी तुम्ही विचारली नाहीत. पॅचने पुढचा चोर अडतो. आधीच येऊन गेलेला असेल तर त्याने ठेवलेलं तसंच राहतं. त्रुटी जाहीर झाल्यावर काही दिवसांतच तिचा वापर करणारा कोड नेटवर आला होता, आणि तुमच्या मशीन त्यानंतर बराच काळ उघड्या होत्या. म्हणून प्रत्येक मशीनवर सेटयूआयडी फाइलींची यादी काढा आणि कोणत्याही पॅकेजची नसलेली एकही फाइल आहे का बघा. टेम्पमध्ये किंवा कुणाच्या होममध्ये बॅशची (कमांड चालवणाऱ्या शेलची) सेटयूआयडी प्रत सापडली तर पॅच विसरा, ते मशीन नव्याने उभं करा. रूटची क्रॉन (ठरल्या वेळी आपोआप चालणारी कामं) आणि एसएसएच किल्ल्यांची यादीही नजरेखालून घाला. कर्नलच्या लॉगमध्ये एसयूचे ओळीने शेकड्यांनी सेगफॉल्ट (मेमरीच्या चुकीने झालेले क्रॅश) असतील तर ते फार बोलकं आहे. पत्त्यांची जुळणी अंदाजाने करावी लागत असल्याने हा हल्ला पहिल्या झटक्यात क्वचितच लागतो, आणि फसलेला प्रत्येक प्रयत्न क्रॅश होतो.

तेव्हा क्रम असा धरा. आज रिपोर्टमधले तीन पाथ वाचा आणि दोन्ही रॉकींची रिपॉझिटरी तपासा. आजच सेटयूआयडीची यादी. उद्या इमेज पुन्हा बांधा. रविवारी रीबूट, मग पुन्हा स्कॅन, आणि तो ऑडिटरला मशीनवर लॉगिनसह करायला सांगा. पॅकेजचा पूर्ण क्रमांक बाहेरून दिसत नाही. उबुंटू २०.०४ या त्रुटीतून सुटलं असलं तरी त्याचा मोफत सपोर्ट मे २०२५ मध्ये संपला, त्यामुळे ते बदलण्याचा खर्च याच ठरावात घालून घ्या. संचालक मंडळासमोर ऑडिटचा रिपोर्ट ताजा असतानाच पैसे मंजूर होतात.